राणीच्या डोळ्यांवरची अक्षरं

गेल्या चौदा एप्रिलला आमच्या अनसिंगच्या स्टँडवर फ्लेक्स लागला. वीस फूट लांब. निळा रंग कॉम्प्युटरमधला, चकचकीत. डाव्या कोपऱ्यात बाबासाहेब. उरलेल्या जागेत एकेचाळीस तोंडं. आम्ही मोजली. पांढरे शर्ट, कपाळावर गॉगल, जोडलेले हात, कानाला लावलेले मोबाईल. खाली ‘शुभेच्छुक’. जयंती कोणाची हे कळायला जवळ जावं लागत होतं. एक कार्यकर्ता फ्लेक्सखाली उभा राहून छापणाऱ्याला फोनवर शिव्या घालत होता, ‘माह्या फोटू एवढा लहान काहून टाकला बे?’

हसू नका. मुंबई-पुण्या-नागपूरच्या वाचकांनो, तुम्ही तर मुळीच हसू नका. सहा डिसेंबरला दादरच्या रस्त्यावर वर मान करून बघा. दीक्षाभूमीकडे जाताना दोन्ही बाजूंना बघा. हीच तोंडं, फक्त फ्लेक्स मोठा. आम्हीही हसत नाही. कारण त्या एकेचाळीस तोंडांत, खालून दुसऱ्या ओळीत, या अंकाच्या संपादकाचं तोंड होतं. वर्गणी मागितली, दिली. फोटो मागितला, तोही दिला. विचार केला नाही. हा अग्रलेख त्या न केलेल्या विचाराबद्दल आहे.

आणि तो एका गोऱ्या माणसाबद्दलही आहे. जेमी रीड त्याचं नाव. ८ ऑगस्ट २०२३ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी तो लिव्हरपूलला वारला. इंग्लंडच्या राणीच्या डोळ्यांवर आणि तोंडावर कापलेली अक्षरं चिकटवणारा हा माणूस. पंक नावाच्या संगीताला त्यानं चेहरा दिला. कोणी म्हणेल, खेड्यात पोरांना काम नाही, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, आणि तुम्ही विलायतेतल्या पोस्टरवाल्याचं श्राद्ध घालत बसलात? श्राद्ध घालायची आमची रीत नाही. आम्ही हिशेब मांडतो. त्याच्याकडून घ्यायचं काय, टाकायचं काय, आणि जे आपल्याकडे त्याच्या आधीपासून होतं ते आपण कुठं हरवलं, हा तो हिशेब.

क्रॉयडन हे लंडनला चिकटलेलं उपनगर. रीड तिथला. १९६८ साली तिथल्या चित्रशाळेत विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला, त्यात तो आणि त्याचा दोस्त माल्कम मॅक्लारेन होते. १९७० साली रीडनं दोन मित्रांना घेऊन ‘सबर्बन प्रेस’ नावाचा छोटा छापखाना काढला आणि त्याच नावाचं मासिक सुरू केलं. गावचे बिल्डर, गावची नगरपालिका, त्यांचं साटंलोटं, असला मजकूर. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही अनियतकालिकासारखा कारभार. पदराला खार लावून चालवायचा आणि गिऱ्हाईक शोधत फिरायचं.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. त्या काळात मथळा छापायचा तर टाईप जुळवून घ्यावा लागे. त्याला पैसे पडत. पैसे नव्हते. म्हणून या पोरानं जुन्या वर्तमानपत्रांतली अक्षरं कात्रीनं कापली आणि चिकटवली. एक अक्षर मोठं, एक बारीक. एक काळ्यावर पांढरं, एक पांढऱ्यावर काळं. हिंदी सिनेमातला खंडणीखोर पाठवतो तसली चिठ्ठी. पुढं जगभरच्या जाहिरात कंपन्यांनी जिची नक्कल केली ती ‘स्टाईल’ अशी जन्मली. तिच्या मुळाशी सौंदर्यशास्त्र नव्हतं, फाटका खिसा होता.

दुसरी गोष्ट त्यानं फ्रान्समधल्या सिच्युएशनिस्ट म्हणवणाऱ्या मंडळींकडून उचलली. त्यांचं म्हणणं सोपं होतं. प्रस्थापितांची जाहिरात, त्यांचं चित्र, त्यांचं देवघर उचलायचं, त्यात जरासा फेरफार करायचा, आणि त्यांच्याच थोबाडावर फेकायचं. नवं चित्र काढत बसायची गरज नाही. लोकांच्या डोक्यात जे चित्र आधीच बसवलेलं आहे तेच उलटं करायचं. रीडनं दुकानाच्याच नावानं चोरांचं स्वागत करणारे स्टिकर छापले. काचेवर एक स्टिकर लागला की दुकानाची सगळी प्रतिष्ठा गेली.

मग आलं १९७७ साल. इंग्लंडात तेव्हा दहा लाखांच्या वर माणसं बेकार होती. पोरांना नोकरी नाही, घर नाही, आणि रेडिओवर गुळगुळीत गाणी. या पोरांनी तीन सूर येत असतील तर तीन सुरांत गाणं सुरू केलं. गळा नसेल तर ओरडले. कपडे फाटले तर सेफ्टी पिना लावल्या. हेच पंक. त्यांच्यातली सगळ्यात बदनाम टोळी म्हणजे ‘सेक्स पिस्टल्स’. तिचा मॅनेजर तोच मॅक्लारेन. त्यानं जुन्या दोस्ताला बोलावलं.

त्या वर्षी राणीला गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली म्हणून देशभर रौप्यमहोत्सव होता. कप-बशांवर राणी, बिस्किटाच्या डब्यावर राणी. बेकार पोरांनी तो उत्सव मुकाट्यानं साजरा करावा अशी अपेक्षा होती. पिस्टल्सनी राष्ट्रगीताचंच नाव घेऊन गाणं केलं. एका मोठ्या कंपनीनं त्यांना करारबद्ध केलं, आणि आठवड्याभरात घाबरून बाहेर काढलं. छापलेल्या तबकड्या नष्ट केल्या. शेवटी २७ मे १९७७ ला ‘व्हर्जिन’ कंपनीनं ती तबकडी बाजारात आणली. बीबीसीनं गाण्यावर बंदी घातली. तरी ते अधिकृत यादीत दुसऱ्या नंबरवर गेलं. पहिला नंबर मुद्दाम दिला नाही, असा संशय आजही आहे.

त्या तबकडीच्या वेष्टनावर रीडनं काय केलं? राणीचा दरबारी फोटो घेतला. डोळ्यांवरची पट्टी फाडली आणि तिथं कापलेल्या अक्षरांत गाण्याचं नाव चिकटवलं. तोंडावरची पट्टी फाडली, तिथं टोळीचं नाव. झालं. मुकुट तसाच, दागिने तसेच. पण आता ती बघू शकत नाही आणि बोलू शकत नाही. ज्या राज्याला रस्त्यावरचा माणूस दिसत नाही, त्या राज्याचे डोळे त्यानं अधिकृतपणे बंद केले. महिन्याभरात पिस्टल्सच्या गायकावर रस्त्यात धारदार शस्त्रानं हल्ला झाला. एका फोटोची आणि गाण्याची ही किंमत.

आता जरा थांबा आणि पाच वर्षं मागं या. लंडनहून मुंबईला या.

१५ ऑगस्ट १९७२. इथंही रौप्यमहोत्सव होता. भारताच्या स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं. रोषणाई, मिठाई, भाषणं. त्याच वर्षी मराठवाड्यात दलित बाईला नागवं केलं गेलं होतं. ‘साधना’ साप्ताहिकाच्या खास अंकात राजा ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. त्यांनी दोन दंड शेजारी शेजारी ठेवले. राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर तीनशे रुपये दंड. दलित बाईच्या अंगावरचं लुगडं फेडलं तर पन्नास. आणि विचारलं, या दोन कापडांपैकी किंमत कशाला? त्या प्रश्नातले शब्द इतके कडक होते की पांढरपेशा महाराष्ट्र महिनोन्महिने ध्वजाच्या अपमानावर बोलत राहिला. लुगड्यावर बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मित्रहो, ही युक्ती तीच नाही का? व्यवस्थेचं सगळ्यात पवित्र चित्र घ्यायचं आणि त्याच्या डोळ्यांवर सत्याची पट्टी चिकटवायची. रीडच्या आधी पाच वर्षं, कात्रीशिवाय, नुसत्या दोन आकड्यांनी राजा ढाल्यांनी ती केली. कोणी कोणाकडून घेतली नाही. भूक आणि अपमान कुठल्याही देशात माणसाला हीच कात्री हातात देतात.

आणि याच्याही आधी? ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला, त्याच्या शिरोभागी तुकारामाचा अभंग होता. १९२७ च्या ‘बहिष्कृत भारता’च्या शिरोभागी ज्ञानेश्वराच्या ओव्या. ज्या संतांना कीर्तनकारांनी आणि मठवाल्यांनी आपल्या ओसरीवर बांधून ठेवलं होतं, त्यांना बाबासाहेबांनी बहिष्कृतांच्या पेपरच्या कपाळावर आणून बसवलं. बघणाऱ्याला पहिल्या नजरेत कळावं की हा वारसा तुमच्या बापाचा नाही. पेपरचं कपाळ कसं असावं हासुद्धा राजकीय निर्णय असतो, हे आपल्याला शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं.

पण फरकही सांगितला पाहिजे, नाहीतर आम्ही फॅशनचे भाट ठरू. पंकची पोरं म्हणत होती, आम्हाला उद्या नाही. त्यांच्या बापाला मात्र काल होता. गिरणी होती, युनियन होती, गल्लीतलं घर होतं. ते गेलं म्हणून पोरगं चिडलं. आपलं तसं नाही. आपल्याला काल नव्हता. गावकुसाबाहेर होता तो काल आपला नव्हे, आपल्यावर लादलेला होता. म्हणून आपल्या लेखी उद्या नाही म्हणणं ही चैन आहे. आपलं सगळं भांडण उद्यासाठीच आहे. रीडची कात्री घ्या. त्या टोळीची निराशा घेऊ नका. ती आपल्या अंगाला बसत नाही.

आणखी एक साम्य मात्र सोडवत नाही. १९७७ च्या शेवटी पिस्टल्सचा मोठा रेकॉर्ड आला. भडक पिवळं-गुलाबी वेष्टन, फोटो नाही, चित्र नाही, फक्त कापलेली अक्षरं, आणि त्यात पुरुषाच्या अंडांसाठीचा गावठी शब्द. नॉटिंगहॅममध्ये ते वेष्टन काचेत लावलं म्हणून दुकानाच्या मॅनेजरवर खटला झाला. बचावासाठी भाषेचा प्राध्यापक उभा राहिला. तो म्हणाला, हा शब्द शतकानुशतकं इंग्रजीत आहे, आणि कधी काळी तो पाद्र्यांसाठीही वापरत. मॅनेजर सुटला. आपल्याकडे १९७२ ला नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हा काय झालं? सदाशिव पेठेनं शब्दकोश उघडला आणि त्यात ते शब्द सापडेनात. मग म्हणाले, ही भाषाच नव्हे. शब्द तोच असतो. पेठेत कोणी हळूच म्हटला तर रसिकता, कामाठीपुऱ्यातल्या माणसानं छापला तर अश्लीलता. अक्षरांवर कधीच खटला होत नसतो. ती कोणी चिकटवली, यावर होतो.

आता आपल्या घरातलं बोलू. कडू आहे, पण बोलू.

राजा ढाले नुसते लेखक नव्हते. ते चित्रकार होते आणि अक्षरांवर त्यांची हुकमत होती. ‘येरू’, ‘तापसी’, ‘विद्रोह’ ही नावं जुन्या माणसांना आठवत असतील. तो काळ सायक्लोस्टाईलचा. मेणकापडासारखा स्टेन्सिलचा कागद, त्यावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं कोरायचं, जिथं मेण गेलं तिथून शाई उतरते. जोर जास्त झाला की कागद फाटला, कमी झाला की अक्षर उमटत नाही. ‘ओ’चा पोकळ भाग गळून पडायचा. शाई हाताला, सदऱ्याला, बिडीला. पण त्या पानावर एक गोष्ट पक्की असायची. ते पान कोणा माणसाच्या हातानं झालंय हे दिसायचं. त्या हाताची चीडही दिसायची.

पँथर हे नाव आपण अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतलं. त्यांच्याकडे एमरी डग्लस नावाचा चित्रकार होता. १९६७ पासून तो त्यांचा पेपर सजवायचा. पैसे कमी, म्हणून काळा आणि आणखी एकच रंग. जाड रेघ, चिकटवायची तयार अक्षरं. पोलिसाला त्यानं डुक्कर केलं. मोडक्या घरातल्या काळ्या बाईला ताठ उभं केलं. वाचता न येणारा माणूससुद्धा तो पेपर वाचायचा. आपण नाव घेतलं, झेप घेणारा वाघ घेतला. पण एमरीचं काम, म्हणजे दर आठवड्याला आपल्याच माणसाचं रोजचं जगणं चित्रात आणायचं काम, चळवळ म्हणून आपण मनावर घेतलं नाही. नागपूरच्या सवी सावरकरांसारख्या चित्रकारानं गळ्यात मडकं नि कमरेला झाडू असलेला अस्पृश्य ॲसिडनं पत्र्यावर कोरला. बघताना पोटात खड्डा पडतो. ती चित्रं कलादालनात गेली, परदेशात गेली. आमच्या मोर्चाच्या बॅनरवर आली का? त्यांच्यापर्यंत गेलो कोण?

आणि गाणं? गाण्यात आपण कोणाला हार जाणारे नव्हतो. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे. यांच्या आवाजावर वस्त्याच्या वस्त्या उभ्या राहिल्या. पण कॅसेटचं कव्हर आठवा. वर बाबासाहेब, खाली गायकाचा पासपोर्ट साईझ फोटो, मागं उगवता सूर्य. गाण्यात जी धग होती तिची ठिणगी कव्हरवर नव्हती. आवाजाला आपण जीव दिला आणि डोळ्याला उरलंसुरलं दिलं. त्या मोकळ्या जागेत पुढं फ्लेक्सवाला घुसला.

फ्लेक्सनं काय केलं बघा. पूर्वी भिंत रंगवायची तर पेंटर लागे, दोन दिवस लागत, म्हणून मजकुराचा विचार व्हायचा. आता पैसे द्या, तासाभरात तोंड छापून मिळतं. नमुना तयारच असतो. निळा रंग टाकला की भीमजयंती, भगवा टाकला की शिवजयंती, हिरवा टाकला की ईद. तोंडं तीच. आम्ही पेंटरच्या कुंचल्यासाठी रडत नाही. तोही पैसे घेऊनच पुढाऱ्याचं नाव रंगवायचा. रडायचं तर यासाठी, की आपल्या चळवळीचा चेहरा कसा दिसावा हे ठरवायचं काम आपण छापखान्याच्या तयार नमुन्यावर सोडून दिलं. आणि मग ज्यांनी कालपर्यंत आपल्याला पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्यांच्याही पक्षाच्या फ्लेक्सवर बाबासाहेब आले. डोळे उघडे, तोंड बंद.

हो, हेच म्हणायचं आहे. रीडनं राणीचं तोंड बंद केलं ते राज्य उघडं पाडायला. इथं राज्य बाबासाहेबांचं तोंड बंद करतंय, त्यांच्याच फोटोनं. कात्री त्यांच्या हातात गेली आहे.

रीडच्याही बाबतीत हे झालं, हे लपवू नका. ज्या कंपनीनं ती तबकडी काढली, तिच्याच नावाच्या बँकेनं २०१५ साली त्याच्या चित्रांची क्रेडिट कार्डं काढली. बंडाचं चित्र दाखवा, कर्ज घ्या. २६ नोव्हेंबर २०१६ ला मॅक्लारेनच्या पोरानं लंडनच्या थेम्स नदीत बोटीवर जुना पंक माल जाळला. म्हणाला, पन्नास लाख पौंडांचा आहे. तेही पुन्हा फोटोसाठीच. पण रीड स्वतः तिथं गोठून बसला नाही. १९८८ साली समलिंगी माणसांविरुद्धचा कायदा आला तेव्हा त्यानं त्याविरुद्ध पोस्टर केलं. रशियात पुसी रायटच्या पोरींना २०१२ साली तुरुंगात टाकलं तेव्हा त्यांच्यासाठी केलं. चित्र विकलं गेलं की त्यातला दारूगोळा ओला होतो. मग एकच इलाज उरतो. पुढच्या अन्यायावर नवं चित्र काढायचं.

आणि आपल्याकडे पंक म्हणजे नुसती केसांची स्टाईल नाही, हेही ध्यानात ठेवा. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या गाणाऱ्या पोरांनी वर्षानुवर्षं तुरुंग भोगला आहे. तिकडं बंडाचं क्रेडिट कार्ड होतं, इकडं तारीख पडते. म्हणून आम्ही कोणाला उगाच चिथावत नाही. पण भ्यायला सांगायलाही बसलेलो नाही.

मग करायचं काय? आम्ही ठरवलं आहे ते सांगतो, तुम्ही तुमचं ठरवा.

पहिलं. या अंकापासून आमच्या कुठल्याही कागदावर, बॅनरवर संपादकाचा किंवा कार्यकर्त्याचा फोटो येणार नाही. वर्गणी कितीही दिलेली असो. सुरुवात स्वतःच्या तोंडापासून.

दुसरं. सरकारी जाहिरात दिसली की जपून ठेवा. हसरी शेतकरीण, दप्तर घेतलेली पोरगी, ‘योजना तुमच्या दारी’. त्यावर तुमच्या दारातला आकडा चिकटवा. तुमच्या वसतिगृहात किती पोरांची शिष्यवृत्ती अडली? तुमच्या वस्तीतला कोणता सफाई कामगार गटारात उतरला आणि परत आला नाही? वर्षासह, गावासह. खोटा आकडा एकही नको. ढाल्यांचे दोन आकडे जड पडले, कारण ते नाकारता येत नव्हते.

तिसरं. मोबाईल हीच आजची कात्री आहे, पण तिच्यातले तयार नमुने वापरू नका. हातानं अक्षर काढा, फोटो घ्या, पाठवा. वाकडं आलं तर येऊ द्या. सुबक अक्षर ही आपली मिरास कधीच नव्हती. आपल्या बापजाद्यांनी अंगठा उठवला होता.

आणि शेवटचं, अनसिंगचं. आमच्या भागात जुना फ्लेक्स कोणी टाकून देत नाही. पाऊस आला की सोयाबीनच्या सुडीवर घालतात, गोठ्यावर घालतात, झोपडीचं छत करतात. परवा गावात फिरताना एका सुडीवर तो आमचाच जयंतीचा फ्लेक्स दिसला. तोंडं आत, सोयाबीनवर दाबलेली. वर आलेली बाजू पांढरी, कोरी, वीस फूट लांब. वर्षभर आम्ही भिंत शोधत होतो, कागदाचे पैसे मोजत होतो. आणि कोरी जागा आमच्याच तोंडांच्या मागं होती.

सुडी मोडली की तो फ्लेक्स आम्ही मागून घेणार आहोत. पुढच्या चौदा एप्रिलला तो त्याच स्टँडवर लागेल, उलटा. त्यावर काय लिहायचं यावर आमच्यात अजून भांडण चालू आहे. ते चालू राहिलं पाहिजे. तुमच्या गल्लीतला फ्लेक्स उतरला की तुम्हीही उलटा करून बघा.

जयभीम.

— संपादक, अनसिंग